काचणारा करदोडा

पुणे

प्रिय अण्णास धाकट्या रक्षाचा नमस्कार.

मी बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

वजन उतरलं, साखर आटोक्यात आहे, असं तू कळवलंस. पण काल वहिनी फोनवर हसत म्हणाली, "तुझ्या अण्णाच्या कमरेला करदोडा काचतोय गं. लई अंग धरलंय, नवा लांब आणायला पायजे!"

मला हसू आलं नाही. गेल्या वर्षी आपल्या आप्पांचा करदोडाही दोनदा बदलला. खात्यापित्या घरचं अंग म्हणून आपण कौतुक केलं, आणि ते विणता विणता मागावरच कोसळले.

राग मानू नकोस, पण साखरेच्या रिपोर्टचा फोटो वहिनीच्या फोनवरून पाठव. नवा करदोडा आणू नकोस. आप्पांचा शेवटी, चितेवर ठेवण्याआधी, तुलाच कापावा लागला होता.

तुझी काळजी करणारी,
रक्षा