कनिष्ठेचं ताट

१० जून, सोमवार

लागली पैज!

जेवताना लागली. आई — म्हणजे माझ्या सासूबाई, मंदाकिनीबाई — पोळीवर तूप घालायला आल्या, मी हात आडवा धरला. रोजचंच आहे. पण आज त्यांनी तुपाची वाटी खाली आपटली. म्हणाल्या, "गेल्या महालक्ष्म्यांत साऱ्या मोहल्ल्यासमोर पुरणाची पोळी सोडून उठली तू. प्रसाद सोडला! यंदाही तसंच करशीन का?" मी म्हटलं, "करीन." "अन् ते जिमात लोखंड उचलून राहिली, ते दूध-तूप न खाता उचललं जाते का वो? कंबर जाईन एक दिवस."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, एक सप्टेंबरला वजन उचलायची राज्याची स्पर्धा आहे. चाळीस वर्षांवरच्या बायकांचा गट, अंगाचं वजन एकोणसत्तरच्या आत. तिथं मी शंभर किलो उचलून दाखवते — दुधाचा थेंब न घेता! उचललं तर माझ्या ताटाबद्दल कोणी कधी बोलायचं नाही. नाही उचललं तर महालक्ष्मीला तुम्ही वाढाल ते खाईन. तुपासकट.

"शब्द?" "शब्द!"

यज्ञेश मध्येच म्हणाला, "अगं, तू आत्ता शहात्तर किलोची आहेस." नवऱ्यानं हे लक्षात ठेवायची काही गरज होती का?

११ जून

सकाळी उठल्यावर पहिला विचार — हे मी काय करून बसले? दुसरा विचार — मज्जा येणार आहे!

१२ जून

सोनवानी सरांना सांगितलं. तेलीबांधा तलावाच्या मागच्या गल्लीत त्यांची जिम. गोदामच ते, पण बार चांगले आहेत. आधी ते हसले, मग गंभीर झाले. "हव दीदी, हो जाएगा. लेकिन वजन घटाओगी और प्रोटीन नहीं लोगी, तो चर्बी के साथ ताकत भी जाएगी. अंडा खा लो." मी म्हटलं, अंडं नाही, पनीर नाही, दही नाही. त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, रोज शंभर ग्रॅम प्रोटीन कुठून आणणार ते सांगा, त्याशिवाय बारला हात लावू देणार नाही.

आणणार! डाळ, हरभरा, मूग, शेंगदाणे, सोयाबडी. सोयाबडी तर निम्मी प्रोटीनच असते! एवढी वर्षं आपण तिला भाजीत भर म्हणून टाकत होतो.

१६ जून, रविवार

ईरानं ऑनलाइन छोटा तराजू मागवून दिला. पोरगी मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. "मम्मी, आप तो पूरी साइंटिस्ट हो गईं." आता फ्रीजवर तक्ता. सकाळी बेसनाचा चिला, डब्यात हरभऱ्याची उसळ, संध्याकाळी सोयाबडी. भात अर्धा, पोळ्या दोन.

आईंनी उकडलेली सोयाबडी दोन बोटांत धरून पाहिली. "रबर आहे हे."

१९ जून

नवा रायपूरची ऑफिसची बस, एसी बंद, खिडक्या बंद, आणि माझ्या पोटात हरभरा आणि सोयाबडी एकाच वेळी. बाजूला अकाउंट्समधली रूपाली. जास्त लिहीत नाही. ती मंदिरहसौदचा थांबा यायच्या आधीच उठून पुढं जाऊन बसली!

३० जून

चौऱ्याहत्तर पॉइंट एक!! सलवारीची नाडी एक वेढा जास्त गुंडाळते आता. तलावाला दोन चकरा मारल्या, तिसरी आनंदात मारली. रूपाली म्हणाली, चेहरा उतरला तुझा. मी म्हटलं, उतरू दे, तोही वजनातच धरतात!

७ जुलै, रविवार

आज हे लिहून ठेवते, कारण सगळे मला विचारतात आणि मी दरवेळी वेगळंच काहीतरी सांगते.

गेल्या पोळ्याला यज्ञेशच्या मित्राकडे अभनपूरला गेलो होतो. बैलांची पूजा, मातीचे बैल, ठेठरी-खुरमीचा फराळ, सगळं झालं. मागं त्यांची डेअरी. गाय दोहत होते आणि तिचं वासरू दोन हातांवर खुंटीला बांधलेलं. ते ओढत होतं, दोर मानेत रुतत होता, गाय मान वळवून पाहत होती. तेच दूध ग्लासात घालून मला दिलं, वर मलई. नाही गेलं घशाखाली. बस, एवढंच. मी कुणाला शिकवत नाही. मित्राच्या बायकोनं प्रेमानंच दिलं होतं. पण नाही गेलं. मग आठवड्यानं महालक्ष्म्या आल्या आणि पुढचं महाभारत झालं.

आईंना हे मी कधी सांगितलंच नाही. "मला चालत नाही" एवढंच म्हटलं. रागात सगळं थोडक्यात बोललं जातं.

१४ जुलै

बहात्तर पॉइंट आठ. पण आज ऐंशी किलो जमिनीवरून हललं नाही. जूनमध्ये पंच्याऐंशी उचललं होतं! सरांनी बारच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटा काढून ठेवल्या. 

१७ जुलै

केस गळताहेत. बसमध्ये झोप लागते. तक्त्यावर तर रोज शंभराच्या वर प्रोटीन लिहिलेलं आहे! मग जातं कुठं?

आईंनी दुरूनच ऐकवलं, "म्हटलं होतं."

२१ जुलै, रविवार

सापडलं!!! किती मूर्ख असावं माणसानं!

काल भिजवलेले हरभरे आईंनी उसळीला घेतले. म्हणून आज मी कोरडेच तराजूवर टाकले, शंभर ग्रॅम, आणि भिजायला घातले. दुपारी पाहते तर वाटी ओसंडून हरभरे ओट्यावर! पुन्हा तोलले, दुपटीच्या जवळ. म्हणजे महिनाभर मी भिजवलेले तोलत होते आणि हिशेब कोरड्यांचा मांडत होते. सोयाबडीचंही तेच, ती तर तिप्पट फुगते. मी रोज पाणी मोजत होते, पाणी! शंभर कसले, चाळीस-पंचेचाळीस पोटात जात असेल.

ओट्याजवळ उभी राहून एकटीच हसत सुटले. आईंनी विचारलं काय झालं. सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडावर धरावा लागला. सहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघी एका गोष्टीला हसलो.

२२ जुलै

नवा तक्ता. सगळं कोरडं तोलायचं! तेलीबांध्याला एका दुकानात टोफू मिळाला. दिसतो पनीरसारखा, चव कशाचीच नाही, पण जवसाच्या चटणीत घोळवून तव्यावर परतला तर झकास.

२५ जुलै

गंमतच आहे. स्वस्त प्रोटीन म्हणून मी बाजारातून तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची डाळ आणली, दोन किलो. आईंनी पिशवी पाहिली आणि सरळ परत पाठवली. "रोज रोज तिवरा खाशीन तं पाय जातीन तुहे. आमच्या लहानपणी पाहिले आहेत असे माणसं. पाय गेल्यावर लोखंड कशानं उचलशीन?"

मी म्हटलं, मी हरले तर तुमचाच फायदा आहे ना? त्या म्हणाल्या, "हरशीन तं सरळ हर. लंगडी होऊन नको हरू."

४ ऑगस्ट, हरेली

इकडचा शेतकऱ्यांचा सण, घरोघर दाराला कडुनिंबाची डहाळी. आज आईंनी काय केलं! माझी सोयाबडी गरम पाण्यात भिजवली, घट्ट पिळली, पाट्यावर भरड वाटली, त्यात मुगाची डाळ, आलं, लसूण, ओवा, ज्वारीचं पीठ — थापून तव्यावर थोड्या तेलात वडे. पाच खाल्ले मी. रबराचा पत्ताच नाही!

"तुह्यासाठी नाही केले," म्हणाल्या. "घरात नासून राहिलं होतं."

सोयाबडी नासते का कधी?

११ ऑगस्ट

नव्वद!!! नव्वद किलो!! सर ओरडले, मी ओरडले, बाजूचा पोट्टा डंबेल टाकून टाळ्या वाजवत सुटला. वजन एकाहत्तर पॉइंट शून्य. केस गळायचे थांबले.

घरी येऊन सांगितलं. यज्ञेशनं हात जोडले. आई फक्त म्हणाल्या, "अजून दहा राहिले ना."

१८ ऑगस्ट

पंच्याण्णव. हाताच्या कातड्याला घट्टे. ऑफिसात सही करताना दुखतात. दुखू दे!

२५ ऑगस्ट

जिमात शेवटचा जड दिवस. शंभर लावलं. गुडघ्यापर्यंत आलं, थांबलं, थरथरलं, खाली गेलं. सर म्हणाले, "ये स्टेज पे आएगा दीदी. आज आ जाता तो वहां नहीं आता."

नियम पुन्हा पाठ करून घेतले. बार वर नेला, गुडघे सरळ, खांदे मागं — आणि तसंच उभं राहायचं. समोरचा पंच हात खाली करून "डाउन" म्हणेल तेव्हाच ठेवायचं. त्याआधी ठेवलं तर उचललेलं फुकट.

आईंना विचारलं, याल का? "मी नाही येत बाप्पा. मले नाही पाहवत."

३१ ऑगस्ट

एकोणसत्तर पॉइंट तीन. पाणी कमी पितेय. झोप येणार नाही. नाही आली तर नाही!

१ सप्टेंबर, रविवार

घडलं ते आजच लिहिते.

सकाळी वजन अडुसष्ट पॉइंट आठ. आत! काट्यावरच नाचावंसं वाटलं. मग दोन केळी, सत्तू, आईंनी डब्यात दिलेले चार वडे.

पहिली उचल पंच्याऐंशी, तीन पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही पंचांना मान्य. दुसरी त्र्याण्णव, तीन पांढरे. हॉल गरम, पंखे नुसते फिरताहेत. तिसरी शंभर. हातांना खडू लावून वळले तर पहिल्या रांगेत ईरा — आणि तिच्या बाजूला आई! नऊवारी नेसून, मांडीवर पिशवी. मला माहीतच नव्हतं. रिक्षानं आणलं म्हणे ईरानं, सकाळी हट्टच धरला आईंनी.

बार पकडला. ओढला. गुडघ्यापाशी थांबला आणि मग आला! वर आला! गुडघे सरळ, खांदे मागं, शंभर किलो माझ्या हातात! डोळ्यांसमोर काळं-पिवळं. पंच समोर, त्यांचा हात अजून वरच.

आणि पहिल्या रांगेतून आईंचा आवाज. आख्ख्या हॉलभर. "ठेव वो खाली! ठेव शर्मिष्ठा, कंबर जाईन तुही!"

मी ठेवला.

बावीस वर्षं त्या घरात मी त्या आवाजावर गॅस बंद केलाय, दार उघडलंय, दूध उतरवलंय. डोक्यात विचार आलाच नाही. त्यांनी ठेव म्हटलं, मी ठेवला. पंचांचा हात वरच राहिला. तीन लाल दिवे.

हॉलमध्ये कोणी हसलं. सरांनी डोक्याला हात लावला. मी स्टेजच्या मागं जाऊन रडले, मोठ्यानं रडले, लहान पोरीसारखी. राग आईंचा आला की माझा, तेही कळेना.

घरी रिक्षानंच आलो. पंचांचा हात खाली यायच्या आत ठेवलं म्हणून बाद झालं, हे ईरानं आईंना हॉलमध्येच सांगितलं असावं — आई पिशवी घट्ट धरून बाहेर पाहत होत्या.

२ सप्टेंबर, पोळा

मातीचे बैल आणले. दिवसभर आम्ही एकमेकींना टाळलं. मी ईराला पोळ्याची ती अभनपूरची गोष्ट सांगितली, वासराची. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आईंनी ऐकलं असेल तर ऐकलं.

६ सप्टेंबर

सर म्हणाले, डिसेंबरमध्ये पुन्हा स्पर्धा आहे. मी म्हटलं, येणार! आतून अजून उकळतंय, पण बार दिसला की हात शिवशिवतात. त्यांना म्हटलं, शंभर वर आलं होतं सर. आपण दोघांनी पाहिलं.

१० सप्टेंबर

महालक्ष्म्या आल्या. दोघींना साड्या नेसवल्या, ज्येष्ठेला हिरवी, कनिष्ठेला जांभळी. आई सांगतील ते हातात देत गेले. कामापुरतं बोललो.

उद्या खाणार. तूप घातलेली पोळी, कढी, आंबील, सगळं. दिव्यांनी लाल म्हटलं तर लाल. शब्द दिलाय. वासरू आठवायचं नाही, एवढंच करायचं.

११ सप्टेंबर

नैवेद्याची दोन ताटं. ज्येष्ठेच्या ताटात नेहमीचं सगळं. कनिष्ठेच्या ताटात पोळी तेलावर भाजलेली, आंबील ताकाऐवजी चिंचेची, कढीच्या जागी मुगाचं सार, आणि बाजूला सोयाबडीचे वडे. यज्ञेश म्हणाला, "आई, हे काय?" त्या म्हणाल्या, "दोघी बहिणी आहेत. एकीले चालत नसन तं?"

आरती झाल्यावर कनिष्ठेचं ताट उचलून त्यांनी माझ्या पानासमोर ठेवलं. मी म्हटलं, "आई, मी हरले ना."

"तू नाही हरली. म्या खाली ठेवाले लावलं. उचललं होतं तू, म्या पाहिलं आपल्या डोळ्यानं. जेव."