सुभेदाराचे पाय आणि सातवा परिच्छेद

४ जानेवारी, रविवार
सकाळी सातला तळ्याच्या कडेने सुभेदार बगळ्यामागे धावला. एकदाच केकाटला आणि कमरेपासून मागचा कुत्रा खाली बसला. पुढचा अजून धावतच होता. आधी वाटलं साप. शेजाऱ्यांच्या टेम्पोत घालून धामणकर नाक्याच्या दवाखान्यात नेलं. नाक्यावरच पाऊण तास अडकलो. मी खिडकीतून तोंड काढून ओरडत होते, पण ट्रकला काय, भाषणाने बाजूला होतो थोडाच.
डॉक्टर पोरसवदा. म्हणाले, माणसाला झटका येतो तसा हा पाठीच्या कण्यातला झटका. मज्जारज्जूचं रक्त अचानक थांबतं. ऑपरेशन नाही, औषध फारसं नाही. व्यायाम करून घ्यायचा. उजव्या पायाचं बोट चिमट्यात धरलं तेव्हा सुभेदाराने मान वळवली. डाव्याचं धरलं तेव्हा भिंतीकडे बघत राहिला.
"चालेल का?"
"बघू या मॅडम. तीन आठवड्यांत कळेल."
बघू! ह्या एका शब्दाविरुद्ध मी तीस वर्षं व्यासपीठावर भांडते आहे.
तीन आठवडे म्हणजे २५ तारीख. दुसऱ्याच दिवशी, २६ला, ग्रामसभा. तळ्यालगतचं गुरचरण ट्रक उभे करायला द्यायचं, असा ठराव येणार आहे.

५ जानेवारी
दिवसभर सल्ले. दृष्ट काढा. वज्रेश्वरीला नेऊन गरम कुंडाचं पाणी ओता. हाडवैद्याकडे न्या. एक जण फाटकातूनच, "एक इंजेक्शन देऊन टाका, सुटंल बिचारा." त्याला म्हटलं, तू गेल्या वर्षी कंबर धरून महिनाभर झोपला होतास, तेव्हा तुझ्या बायकोला हे सुचवलं असतं तर? गेला. दुपारी त्याचीच बायको भाकरी घेऊन आली, कुत्र्यासाठी.

७ जानेवारी
लघवी आपोआप होत नाही. पोट दाबून काढावी लागते, दिवसातून तीनदा. मार्क्सपासून महात्मा फुल्यांपर्यंत सगळं वाचलं. कुत्र्याचं मूत्राशय नेमकं कुठे असतं हे मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी कळतं आहे. खांदा गेला. बावीस किलोंचं धूड.
कल्याणच्या व्याख्यानाला येत नाही, असं कळवलं. संयोजक म्हणाले, "कुत्र्यासाठी?" मी म्हटलं, विषय काय होता तुमचा? 'संवेदनशील समाज'. फोन ठेवला.

९ जानेवारी
शेजारच्या रुबीनाने नवऱ्याच्या लूमवरचं जाड कापड दुहेरी शिवून झोळी केली. पोटाखालून घालायची, दोन्ही टोकं धरून मागचा भाग उचलायचा, म्हणजे पाय टेकतील. टेकत नाहीत. पोत्यासारखे लोंबतात. पुढे कलेजी धरली. मान लांब करून खाल्ली, पाय तसेच.

१२ जानेवारी
काही नाही. आज त्याच्यावर ओरडले. मग तोंड धुऊन आले. तो शेपूटही हलवू शकत नाही, म्हणून भुवया हलवतो.

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळी फाटकात दादा. दीड वर्षाने. आम्हा भावंडांचं बोलणं बंद आहे, म्हणजे त्याने माझ्याशी बंद केलं. मी तर त्याच्याबद्दल जाहीर सभेतच बोलते. बाबांच्या भातखाचरावर त्याने गोदाम उभं केलं, आता गुरचरणावर ट्रक हवेत.
हातावर तीळगूळ ठेवला. "घे. गोर बोल, म्हनत न्हाय. जमनार न्हाय तुला."
मग सुभेदाराकडे बघितलं. मी त्याची कूस बदलत होते.
"असं उचलतंस? कंबर पिळटंल त्याची. हो बाजूला."
चादरीची घडी अंगाखाली सरकवली आणि एका झटक्यात, न दुखवता, त्याला दुसऱ्या कुशीवर घेतलं. पाठीला उशी लावली. दोन पायांमध्ये फडका.
मी विचारलं नाही कुठे शिकलास. आईच्या अंगावरून वारं गेलं, ती दोन वर्षं अंथरुणात होती. तेव्हा मी राज्यभर बोलत फिरत होते.

१५ जानेवारी
दादा सकाळी सहालाच आला. न विचारता झोळी धरली. पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा पावलं. तो ओढतोय, सुभेदार घसटतोय. मला बघवेना. म्हणून ग्रामसभेचे कागद घेतले आणि नेहमीसारखी फेऱ्या मारत भाषण म्हणू लागले: "गावकऱ्यांनो, गुरचरण ही कुणाची शिल्लक जागा नाही..."
"थांब!" दादा.
"ऐकवत नसेल तर कान झाक."
"गप. बग त्याचा पाय."
उजवा पाय. मी बोलले, की पुढे. थांबले, की बंद.
सहा वर्षं हा प्राणी माझ्या प्रत्येक भाषणाच्या तालमीत पडवीत मागे चालला आहे. वाक्य संपलं, की मी वळते, तोही वळतो. परिच्छेद लांबला, तर झोपतो. मी तो परिच्छेद कापते. त्याच्या पायांना व्याख्यानाची सवय आहे. कलेजी धरत बसले होते, मूर्ख मी.

१७ जानेवारी
सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास भाषण. फोनवर ध्वनिमुद्रण करून लावलं, तर त्याने फोनकडे बघून जांभई दिली. जिवंत वक्ताच हवा. घसा बसला.
आणि भाषण कुणाविरुद्ध? झोळी धरून वाकून चालणाऱ्याविरुद्ध. तो मध्ये मध्ये दुरुस्त्या करतो.
"गुरचरन चार एकर न्हाय, साडेतीन हाय. खोटं बोलून कुत्रा चालवतंस?"
तपासलं. साडेतीनच आहे. संताप.

१९ जानेवारी
लघवी स्वतः केली! दादाच्या चपलेवर. उजवा पाय आता वजन घेतो. डावा उलटा पडतो, पंजाची वरची बाजू घासते. रुबीनाने मोजा शिवला.
ती म्हणते, "ताई, मेरा नातू घरात तुमचं भाषण बोलतोय. हात वर करून. जेवत नाही, पहले भाषण."

२१ जानेवारी
पहिल्या सहा परिच्छेदांवर तो आता झोपाळतो. पाठ झालेत. डॉक्टर म्हणतात, नवं काहीतरी करून बघा. नवं म्हणजे सातवा. तो मी दादासमोर कधी म्हटलेला नाही.

२२ जानेवारी
म्हटला. "ज्या खाचरात बापाने गुडघाभर चिखलात उभं राहून आम्हाला वाढवलं, त्यावर पत्रा टाकून काही जण आता गावाला विकास शिकवायला निघालेत."
"काहीजन कोन?"
"तुला माहीत आहे."
"आई दोन वर्सं ह्याच पडवीत पडून होती. तिला तुजं भाषन पायजे होतं, पेपरातलं न्हाय, तोंडचं. रोज इचारायची, आली का. ते कंच्या परिच्छेदात हाय?"
आणि त्याने झोळी सोडली. रागाने. दोन्ही हातांनी.
सुभेदार पडला नाही. उभा राहिला, थरथरत. मी काहीच बोलत नव्हते, तरी पाऊल टाकलं. एक, दोन, तीन. दादाकडे. मग बसला.
दादा गेला. झोळी तिथेच.

२३ जानेवारी
दादा नाही. सुभेदार फाटकाकडे तोंड करून पडलेला. सहाही परिच्छेद म्हटले, सातवा म्हटला, कान हलवले फक्त. मी उचलून बघितलं, खांद्यातून कळ. रुबीना आली तर तिच्या हातात अंग सैल सोडतो.
"ताई, त्याला भाषण नको, भाई पाहिजे."
"दोघं एकच आहेत सध्या," मी म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

२४ जानेवारी
डॉक्टरांकडे. डावा पाय अजून थंड. "दोन दिवस व्यायाम चुकला? चुकवू नका मॅडम, आता चुकवायचे दिवस नाहीत." मी, जिने आयुष्यभर इतरांना खडसावलं, मान खाली घालून ऐकून घेतलं.
येताना दादाच्या घरावरून आले. फाटकात थांबले. हाक मारली नाही. घसा बसला आहे, हे कारण नव्हे.

२५ जानेवारी
आज हाक मारली. "दादा, कुत्रा वाट बघतोय."
आतून, "कुत्राच ना?"
"नाही."
मग वहिनीचा आवाज, "चपला कोपऱ्यात हायत. ती मुतलेली घाला."

२६ जानेवारी, सोमवार, सकाळी साडेदहा
दादा सहाला आला. झोळी उचलली. "बोल."
पहिल्यापासून सुरू केलं. सहावा संपला. मी थांबले. सुभेदार सवयीने वळला, डावा पाय ओढत.
"वाच. त्याच्या चार फेऱ्या बाकी हायत."
सातवा वाचला, अर्ध्या आवाजात. परतीच्या फेरीत डाव्या पंजाने एकदा, बहुतेक, जमीन धरली. मी म्हटलं धरली. दादा म्हणाला न्हाय. ह्यावरही वाद झाला.
अकराला सभा. सातव्यावर काट मारलेली नाही. समासात एक ओळ लिहिली आहे: 'आई रोज विचारायची, आली का.' कुठे बसवू कळत नाही. बसवली, तर बाकीचा परिच्छेद उभा राहील का, तेही.
दादा फाटकात उभा, झोळी हातात.
"ह्याला नेतंस का न्हाय सभेला? तू भोंग्यावर बोलाया लागलीस, की हा हितं उठाया बगंल. पडंल एकटा."
"तिथे धरणार कोण?"
त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वाचन-लेखन सगळं विसरलेली बाई आहे.
सगळ्या गावासमोर दादा, झोळी धरून, वाकून. सातवा येईपर्यंत आणि तो येईल तेव्हाही.
सुभेदार उठायचा प्रयत्न करतो आहे. निघायला हवं.