घाटाखाली पहिली

बेलापूर,
फेब्रुवारी १९७३

प्रिय पुष्पावती हिस,

बेलापूरहून सुरय्याचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. (एक तुला, एक तुझ्या आईंना. कुणी कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा.) इकडे आम्ही सारे जिवंत आहोत, आणि यंदाच्या सालात यालाच खुशाली म्हणायची. तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने ते आधी स्वतः वाचलं, मग आमच्या सायकल दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं आणि उरलंसुरलं मला दिलं. त्यात एकच ओळ : ‘घाटाखाली पहिली होतीस, मग नगरात शेवटची कशी आलीस?’ शाळेत मुलींना शिट्टी वाजवून पळवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार म्हणा! पण विचारलंसच तर सगळं ऐक. या खेपेला पाकीट वापरते आहे, पोस्टमनने माफ करावं.

सगळ्याचं मूळ तूच. दिवाळीत आलीस, भाड्याच्या सायकलींचे ब्रेक बघायला मी पहाटे दोन फेऱ्या मारते ते पाहिलंस, आणि दुष्काळ निधीच्या राहुरी ते नगर शर्यतीत मला न विचारता माझं नाव देऊन मोकळी झालीस. आमच्या मालकांना तर आभाळ ठेंगणं झालं. माझ्या पाठीवर ‘महमूद सायकल दुकान, बेलापूर’ असा फलक बांधायचा त्यांचा बेत होता. (मी नको म्हटल्यावर निदान मडगार्डवर तरी, इथपर्यंत ते खाली आले.) राहता राहिल्या सासूबाई. त्यांनी एकच अट घातली. सायकल मारायची तर रिकामी मारायची नाही. नदीत वाळू, आडात चिखल, पाणी आणायचं ते थेट कालव्याच्या कडेच्या विहिरीवरून. तेव्हा हँडलला दोन कळशा, मागे कॅरियरला हंडा, असा माझा सराव सुरू झाला. माझी तान्ही हलिमा अंगावर पीत होती. तिला पाजून निघायचं, आणि परत येईतो छाती दगडासारखी होऊन चोळी भिजलेली. रस्त्यात कुणाचंही पोर रडलं तरी मला पान्हा फुटायचा. शर्यतीच्या तयारीचं पुस्तक असतं म्हणतात. त्यात हे लिहिलेलं आहे का, तेवढं बघून सांग.

त्यात गावाने वेगळाच अर्थ काढला. शेजारच्या दगडाबाईंनी मला रोज अंधारात सायकलवर निघताना पाहिलं आणि सून घर सोडून पळते, नवरा माघारी आणतो, असं ठरवून टाकलं. ही बातमी एस.टी.त बसून श्रीगोंद्याला माझ्या माहेरी पोचली. एके दिवशी मी विहिरीवरून येते तो दुकानासमोर अब्बा बसलेले, सोबत दोन चुलते, मालक घाम पुसतायत. अब्बांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मार कुठे दिसतो का ते शोधत होते बिचारे. मग हंड्याकडे पाहिलं आणि चुलत्यांना म्हणाले, "पळून जानारी बाई भरला हंडा घिऊन पळंल व्हय रं?" तिघेही जेवून गेले. जाताना अब्बा मला बाजूला घेऊन म्हणाले, की लेकराकडे लक्ष दे. रशीदचं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्या पहिल्या मुलाचं नाव आमच्याकडे कुणीच घेत नाही. तुला ठाऊक आहे, तो पाऊल टाकायच्या आतच जुलाबांनी गेला.

आता पुढचं हसून लिहायचं म्हटलं तरी जमत नाही. माझं दूध कमी पडायला लागलं, म्हणून हलिमाला भुकटीचं दूध सुरू केलं, आणि शर्यत तोंडावर आली असताना तिलाही जुलाब लागले. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं? विहिरीचं, मीच आणलेलं, त्याच सायकलीवरून. पोरीचे डोळे आत गेले, टाळू खोल गेली. रडायची तेव्हा आवाज यायचा, पण अश्रू यायचे नाहीत. सलाईन लावलं. मी सायकल भिंतीला लावून टाकली आणि मालकांना सांगितलं, नाव काढून टाका. हलिमा बरी व्हायला लागली, पेज मागायला लागली, तरी मी पाळण्याची दोरी सोडेना. तेव्हा सासूबाई चुलीपासून न उठता म्हणाल्या, "पहिला गेला तवा तू घरातच हुतीस की. पाळन्यापाशीच बसली हुतीस. ऱ्हायला का त्यो?"

पुष्पा, असं कुणी बोलतं का? मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सायकल पुसून दारात आणून ठेवली.

शर्यतीच्या दिवशी मी पहाटेच्या एस.टी.ने टपावर सायकल टाकून राहुरीला गेले. हलिमा झोपेत होती, म्हणून तिला उठवलं नाही. ती जागी झाली की सासूबाई आणि मालक तिला टेम्पोतून घेऊन येणार, मला मागे टाकून विळद घाटाच्या पायथ्याशी थांबणार, तिथे मी तिला घडीभर पाजणार आणि घाट चढणार, असं ठरलं होतं. पाय असे चालले की मलाच नवल वाटलं. (हंडा नव्हता ना!) बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकलवरची एक कॉलेजची मुलगीही मागे पडली. फक्त टेम्पो काही मला ओलांडून पुढे जाईना. प्रत्येक गाडीचा आवाज आला की मी कडेला व्हायचे. ट्रक गेले, एस.टी. गेली. घाटाखाली पोचले तेव्हा पहिली होते हे खरं. तिथे कुणीच नव्हतं.

मी उतरले. सायकल आडवी टाकली आणि बाभळीखाली बसले. सकाळी तिला उठवलं नाही, तोंडसुद्धा पाहिलं नाही नीट, एवढंच डोक्यात. बाकीच्या बायका एकेक करून पुढे गेल्या. दंडाला बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक येऊन विचारत होता, पायात गोळा आला का, पंक्चर झालं का? तोंड उघडलं असतं तर नुसता हंबरडा निघाला असता. परत कुणीकडे जायचं, कुणाला विचारायचं, काही कळत नव्हतं. मी मनातल्या मनात तिला न्हाऊ घालून, पांढऱ्यात गुंडाळून, पुरूनसुद्धा आले होते.

मग टेम्पो आला. पंक्चर झाला होता आणि स्टेपनीतही हवा नव्हती. अख्ख्या बेलापूरची पंक्चरं काढणारा माणूस रस्त्यावर पंक्चर काढत बसला होता! हलिमा सासूबाईंच्या मांडीवर, तोंडाला बिस्किटाचा चिखल, माझ्याकडे बघून हसतेय. मी तिला ओढून घेतली तसा तो स्वयंसेवक धावला. बाहेरच्या माणसाची मदत घेता येत नाही म्हणाला, नियम आहे. सासूबाई त्याच्या अंगावर गेल्या. "डोळं फुटलं का रं तुझं? मदत घेतीया व्हय ती? देतीया!" तो बिचारा पाठ करून उभा राहिला. आणि हलिमाने काय करावं? चहात बुडवलेली बिस्किटं खाऊन पोट टम्म झालेलं. तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूला धरली, तिकडूनही फिरवलं आणि आजीकडे हात पसरले.

मग मी घाट चढले. अंगावरून दूध आणि डोळ्यांतून पाणी, दोन्ही सुकवायला वारा होताच. नगरच्या मैदानात पोचले तेव्हा फीत गुंडाळून झाली होती, खुर्च्या टेम्पोत चढत होत्या आणि तू माझ्याशी न बोलता निघून गेलीस. राग धरला नाही. मी काय सांगणार होते? पंक्चर झालं होतं, एवढंच ना? तेही माझं नाही.

असो. आईंना सलाम. (नमस्कार तू ठेव.)

तुझी,
सुरय्या

ता. क. पुन्हा कुठल्याही कागदावर माझं नाव घालशील तर आपली मैत्री संपली असं समज. सायकल भाड्याला लावली आहे.

ता. क. वरचं लिहून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, पुढच्या साली कधी आहे? मी म्हटलं, मला काय माहीत! तारीख कळव. कार्डावर नको, पाकिटात.

ता. क. तेव्हा हलिमा चालायला लागलेली असेल, अंगावरचं सुटलेलं असेल. टेम्पोवर माझा भरवसा नाही. आदल्या दिवशी येऊन तू तिला घेऊन जा आणि घाटाखाली उभी राहा. पाजायचं नाही, बोलायचं नाही. फक्त मला लांबून दिसेल अशी तिला वर उचलून धर. मी थांबणार नाही.