दाग्नीबाईची हजेरी

९ जानेवारी
आले एकदाची! हाउ साउंडच्या खाडीवर ओला बर्फ भुरभुरतोय, धक्क्यावर शिंपल्यांच्या सूपचा वास, आणि खोलीच्या खिडकीतून थेट समुद्र. सस्कॅचेवानच्या सपाट मुलखातली मी, गोठलेल्या तळ्यांत बुड्या मारून शिकलेली. आता दोन महिने इथल्या तळाशी वाढणाऱ्या काचेच्या स्पंजांची, त्या ठिसूळ समुद्री जीवांची, मोजणी करायची. होडीची मालकीण दाग्नीबाई, वय एकाहत्तर. मला बघताच म्हणाली, "काय गं टॅमसिन, गव्हाच्या शेतात पोहायला शिकलीस वाटतं?" मी म्हटलं, हो, आणि बुडालेही नाही. खो खो हसली. आमचं जमणार.

११ जानेवारी
पहिली बुडी. तीस मीटर, पाणी सात अंश. बॅटरीच्या उजेडात स्पंज दिसले आणि मी श्वास घ्यायलाच विसरले. फिकट पिवळे, माणसाएवढे उंच, शेकडो वर्षांचे. नुसता पाय लागला तरी चुरा. जोडीदार कॉर्विन, भला माणूस, हेल काढून बोलतो. तो मोजायची फीत धरतो, मी आकडे लिहिते. पाण्यातही लिहिता येतं अशी ही वही. तिचीच मागची पानं मी रोजनिशीला घेतली आहेत.

वर आल्यावर दाग्नीबाई सुकाणूपाशी उभी राहून हजेरी घेते. ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं 'हजर' म्हणायचं, त्याशिवाय नांगर उचलत नाही. चाळीस वर्षांची रीत. कॉर्विन वर आला की तडक संडासात पळतो आणि आतूनच ओरडतो, "हजर गं बाई, हजर!" सगळे रोज हसतात.

१४ जानेवारी
लिहायलाच हवं.

धुकं होतं. आम्ही सहा जण, सगळे काळ्या सूटमध्ये, डोक्यावर टोप्या. नांगराच्या दोराला धरून मी वर आले, माझ्या मागोमाग कोणीतरी शिडी चढलं. तो कॉर्विनच, असं मी धरून चालले. बाकीचे मागे टाक्या उतरवत होते, केबिनमध्ये दाग्नीबाईच्या पाठीमागे, संडासाच्या दाराशी मी एकटीच गारठून बसले होते. दाग्नीबाईनं कॉर्विनचं नाव घेतलं. उत्तर नाही. संडासाचं दार बंद होतं. मला मेलीला चेष्टा सुचली. त्याचा हेल काढून मी ओरडले, "हजर गं बाई, हजर!"

दाग्नीबाई हसली. नांगर उचलला.

धक्क्याला लागलो, सगळे उतरले, त्याची पिशवी होडीत तशीच राहिली. संडासात कोणी नव्हतं. परत जाईपर्यंत दीड तास गेला. तिथे नुसतं पाणी.

१६ जानेवारी
शोध चालू. काही सापडलं नाही. तो वर आला असेल. होडी दिसली नसेल. हाका मारल्या असतील त्यानं.

बाकी कोणी ते उत्तर ऐकलं नाही, सगळे म्हणतात म्हातारीचे कान गेले. मंगळवारी चौकशी आहे, होडी जाणार तिच्या हातून. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "मी ऐकलं गं. त्यानं उत्तर दिलं. तू शेजारीच होतीस, तूही ऐकलंस ना?"

मी हो म्हटलं.

१८ जानेवारी
खाली राहिलेल्या फिती आणायला उतरलो. जोडीला आमच्या सहांतलाच बर्टिल. तळाशी मी आकडा लिहीत होते आणि कानाशी कोणीतरी म्हणालं, हजर गं बाई. पाण्यात बोलणं ऐकू येत नाही. येत नाही!

वर आल्यावर बर्टिलला विचारलं. त्याला नायट्रोजनच्या नशेचा संशय आला, एवढ्या खोलीवर डोकं फिरतं म्हणाला. असेल.

१९ जानेवारी
स्पंजांच्या मधोमध कोणीतरी उभं होतं. काळा सूट. बुडबुडे नाहीत. पायाखाली एकही स्पंज तुटलेला नाही.

मी पळाले. बर्टिल चिडला. दाग्नीबाई दोन दिवस जेवलेली नाही.

२० जानेवारी, सकाळ
आज सांगायचं. शेवटची बुडी, शेवटची फीत, आणि वर येताच सगळ्यांसमोर सांगायचं. मग काय व्हायचं ते होवो.

२० जानेवारी, दोरापाशी, पाच मीटर
गाळ उडाला. बर्टिल आधीच वर निघून गेला. अंगातला वायू निघून जायला इथे तीन मिनिटं थांबावंच लागतं.

तो कालचा काळ्या सूटमधला माझ्या शेजारून वर गेला. थांबला नाही. शिडीवर त्याचे पाय—

ऐकू येतंय. सगळं, स्वच्छ. दाग्नीबाई नावं घेतेय. बर्टिल. हजर.

टॅमसिन.

वरून माझाच आवाज. हजर. कोणीतरी हसलं—

दोर वर चाललाय—

वर आले. धुकं. इंजिन लांब. ओरडतेय, शिट्टी वाजवतेय, कोणी—

दाग्नीबाई, त्या दिवशीचं ते उत्तर माझं होतं. कॉर्विनचं नव्हे. तुमचे कान धड आहेत हो. मी दिलं ते. मी—

बोटं वळत नाहीत. ही वही ज्याला मिळेल त्यानं मंगळवारच्या आधी दाग्नीबाईला—