लेथवरची लाल चिठ्ठी

मी, व्हॅलेरियन फ्रान्सिस मिनेझिस, वय सत्त्याहत्तर, राहणार वर्तकनगर, ठाणे, हवाई दलातून निवृत्त विमान-फिटर, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला नौपाड्याचे डॉ. सलिल टिपणीस यांनी दिला आहे. पत्नी सेसिलिया हिने दाखल्यावर हरकत घेतली. ती इथे नोंदवून पुढे जातो.

कलम १. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि घरातल्या सर्व वस्तू सेसिलियाला. वस्तूंबाबत खुलासा आवश्यक आहे. आमच्या लढाऊ विमानांचे सुटे भाग ज्या देशातून यायचे, तो देशच मोडला आणि भाग येणं बंद झालं. मग हँगरच्या कोपऱ्यात एक विमान कायमचं उभं करून त्याचे भाग काढायचे आणि बाकीची उडती ठेवायची, अशी आमची रीत होती. काढलेल्या जागी लाल चिठ्ठी बांधायची: काय काढलं, कोणी काढलं, खाली ‘परत लावणे’. ज्याने काढलं त्यानेच परत लावायचं आणि चिठ्ठीवर सही करून ती सोडवायची. दुसऱ्याची सही चालत नसे.

ही रीत मी घरी आणली. मिक्सरची वायर इस्त्रीला गेली, इस्त्रीची मूठ कुकरला. घरात आजमितीस एकतीस लाल चिठ्ठ्या आहेत. हे कलम वाचून दाखवल्यावर सेसिलिया म्हणाली, “व्हॅलेरियन, माझा मिक्सर आधी जोड, मग खुशाल मर.” तिची अट मला मान्य आहे.

कलम २. स्कूटर मुलगा नायजेल याला. ती तीन स्कूटरींची मिळून एक आहे. नायजेल ती भंगारात देणार हे मला ठाऊक आहे. त्याने भंगारवाल्याला एवढंच सांगावं की उजवीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो.

कलम ३. माझ्या देहातले चालू भाग दान करावेत. डॉ. टिपणीस म्हणतात, या वयात डोळ्यांशिवाय काही घेण्यासारखं नाही. ठीक आहे, डोळे द्यावेत. तिथे चिठ्ठी बांधू नये.

कलम ४. ठाकुर्लीच्या शेडमधली लेथ माझा एकेकाळचा भागीदार गोपीनाथ केणे याला.

इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे. निवृत्तीनंतर गोपीनाथच्या गावात आम्ही दोघांनी शेड टाकली. परदेशातून सील येत नव्हते, म्हणून विमानाच्या तेलाच्या नळ्यांना लागणारे रबरी सील आम्ही करू लागलो. माप मी द्यायचो, साचा गोपीनाथ लेथवर कातायचा. १९९७ साली हवाई दलाकडून दोनशे सील परत आले. जमिनीवरच्या चाचणीत तेल गळलं होतं. तपासनीस साहेब शेडमध्ये आले आणि विचारलं, चूक कोणाची. मी म्हणालो, “गोपीनाथचा हात हलला असेल.”

 गोपीनाथने हात पुसले, फडकं लेथवर ठेवलं आणि निघून गेला.

आठ दिवसांनी, ज्यावरून माप घेतलं होतं तो नमुना मी पुन्हा मोजला. तो मी विमानावरून उतरवलेला जुना सील होता, वापरून झिजलेला. झिजलेल्या वस्तूचं माप घेतलं की झीजही साच्यात उतरते, हे फिटरच्या पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात. मी तीस वर्षांच्या नोकरीनंतर विसरलो होतो. गोपीनाथने मी दिलेलं माप केसभरही न चुकवता कातलं होतं. मी गुपचूप माप वाढवलं, दुसऱ्याकडून साचा करून घेतला, सील पास झाले आणि मला प्रशस्तिपत्र मिळालं. गोपीनाथला मी काहीच सांगितलं नाही. आधी लाज वाटली, नंतर उशीर झाला, मग उशिराचीच लाज वाटू लागली.

चूक माझी होती. त्याचा हात हलला नव्हता. याचं मला अतोनात वाईट वाटतं.

नमुना पुन्हा मोजला त्याच दिवशी मी लेथवर लाल चिठ्ठी बांधली होती. ‘काय काढलं: गोपीनाथ. कोणी काढलं: मिनेझिस. परत लावणे.’ ती अजून तिथेच आहे. ती विमानं गेल्या वर्षी सेवेतून गेली. चिठ्ठी मात्र गेली नाही.

कलम ५. दिवाणखान्यातलं प्रशस्तिपत्र उतरवावं. फ्रेम चांगली आहे, सेसिलियाने वापरावी.

हस्तलिखित पुरवणी. वरील मजकूर टाइप झाल्यावर ॲडव्होकेट प्राची देवस्थळी यांनी कायदा सांगितला: साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. माझी पंचाईत झाली, कारण साक्षीचं निमित्त असलं तरच गोपीनाथ माझ्या घरी येणार होता. शेवटी मुलगी लिओना हिच्या हाती कलम ४ ची नक्कल आणि शेडची किल्ली पाठवली आणि निवड त्याच्यावर सोडली. लेथ हवी तर येऊ नये, यायचं तर लेथ नाही. तो लेथच घेईल अशी माझी अटकळ होती. लेथ त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.

आज अकरा वाजता गोपीनाथ आला. अठ्ठावीस वर्षांत त्याचे केस गेले आहेत, आवाज तोच आहे. तो म्हणाला, “मना तुजी लेथ नको.” खिशातून लाल चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “ह्या चिठ्ठीवर आदी तुजी सही. मंग मृत्युपत्रावर माजी.”

मी सही केली. हात हलला. गोपीनाथने तो पाहिला आणि तपासनिसाला बोलावू का, असं विचारलं. सेसिलिया चहा टाकायला गेली.

सबब कलम ४ मधली देणगी रद्द. लेथ लिओनाला. तिने ती कोणाला वापरायला द्यावी, हे तिचं तिला कळतं.

ठिकाण: वर्तकनगर, ठाणे. दिनांक: १८ जानेवारी २०२६.

लिहून ठेवणार: व्हॅलेरियन फ्रान्सिस मिनेझिस (सही)

आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉ. सलिल टिपणीस, नौपाडा (सही)
२. गोपीनाथ केणे, ठाकुर्ली (सही)

सोबत जोडलं आहे: लाल चिठ्ठी, एक. परत लावलं.