विषुववृत्तावरचं लॉन

१४ एप्रिल २००७, शनिवार

कॅनडा नक्की. म्हणजे माझ्या बाजूने नक्की.

नऊ वर्षं सिंगापूर म्हणजे अति झालं. इथे ऋतूच नाही. कालही एकतीस डिग्री, आजही एकतीस, मी रिटायर होईन त्या दिवशीही एकतीस. तुआसच्या ऑफिसात माझ्याहून लहान माणूस माझा साहेब झाला, तोही एकतीस डिग्रीतच. माणसाची वाढ खुंटते ती हवेमुळे.

साडू हेमचंद्र एडमंटनहून आला होता, आज गेला. त्याच्या घरापुढच्या लॉनचे फोटो पाहिले. लॉन नव्हे, हिरवी मखमल. मी आग्रहाने मागवलेली केंटकी ब्लूग्रासच्या बियांची पिशवी आणि 'थंड प्रदेशातील लॉन' ही पुस्तिका त्याने आठवणीने आणली.

जेवताना कॅनडा काढला. अरुणा म्हणाली, अहो, मस्कतला तुमचे टोमॅटो गेले, इथे मनी प्लँट गेलं. मनी प्लँट कोणाचंही जात नाही हो! आता हा घरापुढचा पलंगाएवढा मातीचा तुकडा आहे ना, तो गणपतीपर्यंत हिरवागार करून दाखवा. मी त्यावर अनवाणी चालेन आणि बॅगा भरायला घेईन. नाही जमलं, तर कॅनडा हा शब्द या घरात परत नको.

तिने ही अट आपल्या आईची शपथ घेऊन घातली. मी लगेच मान्य केली. बिचारी.

१५ एप्रिल

पुस्तिका म्हणते : पेरणी पहिल्या हिमाच्या सहा आठवडे आधी करावी. सिंगापुरात हिम पडतच नाही. म्हणजे कधीही पेरलं तरी आधीच. लोक उगाच बाऊ करतात.

बियांना थंडीची सवय असते. तोवर फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात.

५ मे, शनिवार

पेरणी झाली. तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा पद्माकर वरून हसला होता, की निशिकांत, डास मोजायला घेतलास का? आता तिसऱ्या मजल्यावरून खाली बघत बसेल, जळत.

जाईला हौसेने बोलावलं. तेरा वर्षांची मुलगी, मातीत हात घालावेत. म्हणाली, बाबा, this one equator lah. आणि आत गेली. शिक्षण इंग्रजीतून झालं की मुलांची दृष्टी आखूड होते.

२० मे

उगवलं! बारीक, पोपटी, नाजूक. हेमचंद्रला ईमेल. अरुणाला हात धरून बाहेर आणलं. ती वाकून बघत म्हणाली, हं, आहे खरं काहीतरी. आवाज पडला होता. रात्री तिने बहिणीला फोन लावला आणि कॅनडात उणे तीस म्हणजे नक्की किती थंडी, ते विचारलं.

१० जून

ऊन जरा कडक आहे. शेजाऱ्यांच्या एसीचा गरम वाराही नेमका इकडे. उपाय सापडला : बर्फ. रोज संध्याकाळी फ्रीजरचे सगळे ट्रे लॉनवर. रोपांना एडमंटनचा भास झाला पाहिजे.

११ जून

अरुणाने लिंबू सरबत कोमट दिलं. कारण विचारलं नाही.

१६ जून

बर्फ कमी पडतो. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमधल्या ज्यूसवाल्या अंकलकडून बादलीभर आणतो. त्याने विचारलं, पार्टी अह? हो म्हटलं. रोज पार्टी? हो म्हटलं. आता तो माझ्याकडे आदराने बघतो.

१ जुलै

पोपटी रंग जाऊन पिवळा आला. मग तपकिरी. घाबरण्याचं कारण नाही. पुस्तिकेत पान अकरावर स्पष्ट आहे : थंडी वाढल्यावर हे गवत झोपी जातं, मेलंय असं वाटतं, पण मुळं जिवंत असतात. म्हणजे बर्फाचा परिणाम झाला! लॉनने हिवाळा धरला आहे. आता वसंताची वाट बघायची.

पद्माकर लिफ्टमध्ये म्हणाला, काय रे, तुझी गादी जळली का?

२२ जुलै

वसंत आला नाही. त्याऐवजी कुंपणाच्या कोपऱ्यातून एक रानगवत सरपटत आत येतंय. पेऱ्यापेऱ्याला मुळं, बारीक टोकदार पानं. ना पास, ना परमिट, थेट मुक्काम. उपटलं. हाताला फोड आला.

२३ जुलै

उपटलं होतं तिथे पुन्हा. दुप्पट.

९ ऑगस्ट

नॅशनल डेची सुट्टी. लोक टीव्हीवर परेड बघत होते, मी घुसखोर उपटत होतो. माझी केंटकी झोपली आहे आणि हा तिच्या उशाशी पसरतोय.

हेमचंद्रला फोन करून तिकडे तणाचं काय करतात ते विचारलं. म्हणाला, मला नाही बुवा माहीत, माझं लॉन कंपनीने गुंडाळी आणून सतरंजीसारखं अंथरलं, कापायलाही त्यांचाच माणूस येतो. मग बिया? त्या म्हणे शेजाऱ्याने टाकून दिलेल्या. हेमचंद्रबद्दलचा आदर कमी झाला. कॅनडाबद्दलचा नाही.

२५ ऑगस्ट, शनिवार

घुसखोराने जवळजवळ सगळा तुकडा व्यापला. बर्फ बंद केल्यापासून तर माजलाच आहे. मी सध्या तिकडे बघतच नाही, डोकं फिरतं.

अरुणा मात्र हल्ली फार बघते. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी होती. मग जाईला स्वेटरचा साइज विचारला. स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. कांदा असेल.

जाई म्हणाली, Mummy so sad, how? मी म्हटलं, वय असतं एकेक.

५ सप्टेंबर, बुधवार

गणपती दहा दिवसांवर. निर्णय घेतला. तणनाशक आणलं आहे, एकदाच सगळं साफ. खाली केंटकी जागी होईलच, शिवाय उरलेल्या बिया पेरीन. उद्या तुआसला निघायच्या आधी फवारणी.

अरुणाला सांगितलं. ती एकदम उठून बसली. सगळं मारणार? सगळं. अगदी सगळं? मी म्हटलं, अगं, अट आहे ना तुझी. ती म्हणाली, तुमचं लॉन, तुम्ही बघा बाई. मग कात्री आणि ताट घेऊन बाहेर गेली. बराच वेळ वाकून काहीतरी करत होती. पाठ मोकळी करते म्हणाली.

जेवायला अचानक श्रीखंड.

६ सप्टेंबर

फवारलं. मनुष्य असा ठाम पाहिजे.

१३ सप्टेंबर

घुसखोर पूर्ण वाळला. विजय. नव्या बिया अजून वर आल्या नाहीत. पुस्तिकेप्रमाणे दोन ते तीन आठवडे. माझ्याकडे दोन दिवस आहेत. टिकून राहायचं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

अरुणा म्हणाली, दूर्वांचं मी बघते. मी म्हटलं, घरात काही शिस्त आहे की नाही, दूर्वा मीच आणणार. अर्धी सुट्टी टाकून लिटिल इंडियात गेलो. सेरंगून रोडवरचे सगळे फुलवाले पालथे घातले. Finished already, saar. शेवटच्याने तुळस गळ्यात मारली. हात हलवत, म्हणजे तुळस हलवत परत.

फ्रिजमध्ये पाणी घ्यायला गेलो तर भाजीच्या कप्प्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली भलीमोठी जुडी. इतकी कोथिंबीर कशाला?

१५ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

पूजेला पद्माकर आणि संजीवनीवहिनी. तबकात दूर्वांच्या जुड्या, हिरव्यागार, एकवीसच्या एकवीस, वर भरपूर उरलेल्या. वहिनी ओरडल्याच, अगंबाई अरुणा, आम्हाला वाळकी काडी मिळेना आणि तुझ्याकडे शेत! कुठून आणल्यास गं? अरुणा म्हणाली, घरच्या आहेत. यांच्या लॉनमधल्या.

मी वाकून बघितलं. बारीक टोकदार पानं. पेऱ्यापेऱ्याला मुळं.

पद्माकर बाहेर जाऊन आला आणि आरतीच्या तबकापाशीच म्हणाला, लेका, लहानपणी परडी घेऊन गावभर हिंडलो ज्यासाठी, त्यावर विष मारलंस तू? मी म्हटलं, तेव्हा ती खुडलेली असायची, मला उभी कशी ओळखू येणार? माझ्या मते हा मुद्दा बिनतोड होता. वहिनी हसून हसून खाली बसल्या.

पाहुणे गेल्यावर अरुणाला विचारलं, तुला ठाऊक होतं? हो. मग बोलली का नाहीस? ती मोदकाचं पातेलं घासत होती. म्हणाली, ऑगस्टात सगळा तुकडा हिरवागार झाला होता हो. मी हिरवागार म्हटलं होतं, केंटकी नव्हतं म्हटलं. आईची शपथ घेतली होती मी. रोज सकाळी वाटायचं, आज हे बाहेर बघतील, म्हणतील चाल अनवाणी. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलांचा मनातून निरोपसुद्धा घेतला. आणि मग तुम्ही ती बाटली घेऊन आलात.

म्हणजे मी जिंकलो होतो. दोन आठवडे जिंकलेला होतो.

१६ सप्टेंबर

तत्त्वतः जिंकलो, असा मुद्दा नाश्त्याला मांडून पाहिला. अरुणा म्हणाली, कुठला शब्द काढायचा नाही ठरलं होतं?

३० सप्टेंबर, रविवार

पाऊस. कोपऱ्यातून हरळी पुन्हा आली, आपली आपण. अरुणाने बजावलं आहे, हात लावायचा नाही, बघायचंसुद्धा नाही. मान्य. इथल्या मराठी मंडळात मात्र जाहीर करून टाकलं, पुढच्या वर्षी सगळ्यांना दूर्वा निशिकांतकडून.

७ ऑक्टोबर

हात लावला नाही. फक्त थोडं खत. पान चौदा.

१० ऑक्टोबर

आणि अगदी थोडा बर्फ.

१४ ऑक्टोबर

पिवळी पडली. झोपली असेल.