तुरुंगापर्यंतचा फुटपाथ

प्रिय व्हर्नन,

तू महापौर असताना गावाचे वॉर्ड आखलेस आणि तुरुंग माझ्या वॉर्डात टाकलास. कैद्यांना मत नाही, पण लोकसंख्येत ते धरले जात, म्हणून माझे मतदार जेमतेम दोन गल्ल्यांतले. "व्हरांड्यातून हाक मारलीस तरी तुझा प्रचार होईल," असं तू हसत म्हणालास.

वॉर्ड माझा, म्हणजे कैदीही माझेच. मी आत जाऊन त्यांना विचारलं, काय हवं. एक जण म्हणाला, "मॅडम, आई भेटायला येते. थांब्यापासून फाटकापर्यंत बर्फातून, गाड्या चुकवत चालते. तेवढा फुटपाथ करा."

नगरसेवकांच्या सभेत शेजारच्या वॉर्डाचा रॉय म्हणाला, "लोरेन, तिकडे राहतं कोण?"

"हे वॉर्ड आखताना विचारायचं होतंस."

फुटपाथ झाला.

काल नव्या आखणीवर मतदान होतं. कैद्यांना मोजायचं नाही, म्हणजे माझा वॉर्ड रॉयच्या वॉर्डात जाणार आणि माझी जागा संपणार. मतं समसमान पडली होती, माझंच उरलं होतं. मी नव्या आखणीच्या बाजूने हात वर केला. ज्यांना मला पाडता येत नाही, त्यांच्या जिवावर खुर्ची अडवणं मला पटत नाही.

"आता फुटपाथ उखडू का?" रॉयने विचारलं.

"उखड. पहिली कुदळ तूच मार."



आज सकाळी बर्फ पडला, म्हणून फावडं घेऊन मीच गेले. बसमधून उतरलेल्या म्हातारीने विचारलं, "तुम्ही इथे नोकरीला का?"

"होते," म्हटलं आणि तिच्या पुढचा बर्फ उपसत राहिले.

पत्र पाठवत नाही. "जागा घालवशील, मी सांगितलं होतं" असं म्हणायला तू लगेच फोन करशील, आणि आजचा दिवस छान चाललाय.

तुझी बहीण,
लोरेन